सोपं आहे, असं म्हणायचं नाही

माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. तर्जनीचा नाही, मधल्या बोटाचाही नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलाने काच पुसली, माझा हात पुसला, तळवे चोळायला लावले, पुन्हा दाबायला लावलं. आठ-नऊ वेळा असं झाल्यावर म्हणाला, "काका, घरातलं कुणीतरी बरोबर घेऊन या." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला माझ्या मुलाने ऑफिसातून रजा काढली आणि डाव्या हाताच्या करंगळीवर कसंबसं काम भागलं.

मी बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. जुळारी म्हणा, कंपोझिटर म्हणा. १९६७ साली सतराव्या वर्षी लागलो आणि १९९९ ला छापखाना बंद झाला तेव्हा बाहेर पडलो. पुढे वीसेक वर्षं घरी बसून प्रुफं तपासली. शिशाचे खिळे चिमटीत धरून धरून बोटं अशी गुळगुळीत झाली की वयाने झाली, कोण सांगणार. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, रक्कम लहान, पण ती माझ्या घामाची. त्या दिवशी रिक्षातून परत येताना मुलगा फोनवर साहेबाला काहीतरी समजावत होता आणि माझ्या मनात एकच घोळत होतं. हयात माझी, पेन्शन माझी, आणि ती सिद्ध करायला याची रजा जाते.

डिसेंबरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर सूचना लागली. जवळच्या एका कला महाविद्यालयातली मुलं जानेवारीपासून दर शनिवारी चार ते सहा येणार, आम्हाला मोबाईल शिकवणार आणि आमच्याकडून काहीतरी शिकणार. मी नाव दिलं ते केवळ दाखल्यासाठी. अर्जात एक रकाना होता, 'आपण काय शिकवू शकता?' तो मी कोरा ठेवला. अर्ज गोळा करणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, हे राहिलं की."

म्हटलं, "बाळ, मला जे येतं त्याचं आता काही काम राहिलेलं नाही."

"पण येतं काय?"

"खिळे जुळवता येतात."

ती 'सुतारकाम' लिहायला लागली. मी तिच्या हाताखालच्या कागदाच्या कोपऱ्यात उलटा 'अ' काढून दाखवला, आरशात दिसतो तसा, आणि त्याच्या पुढे उलटा 'क्ष'. ती बघतच राहिली. मग तिने सुतारकाम खोडलं आणि 'छपाई' लिहिलं.

पहिले दोन शनिवार वाया गेले. हे मी स्पष्ट लिहितो, कारण असे उपक्रम आता ठिकठिकाणी चालतात आणि नेमके याच जागी फसतात. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषणं आणि फोटो. दुसऱ्या शनिवारी आम्हाला गोलात बसवून बादलीत चेंडू टाकायचा खेळ घेतला. मुलं आमच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होती. एका मुलाच्या हातात यादी होती, आमच्या नावांपुढे चौकोन काढलेले. त्याने माझा फोन घेतला, भराभर बोटं फिरवली, फोन परत दिला आणि म्हणाला, "झालं आजोबा. सोपं आहे." माझ्या नावापुढे खूण झाली. काय झालं, कशाने झालं, मला काहीएक कळलं नव्हतं, आणि 'सोपं आहे' म्हटल्यावर पुन्हा विचारायचं तोंड राहत नाही.

मुलांचा त्यात दोष नव्हता. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात, नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला श्रेयांक मिळतात, अहवालाला फोटो लागतात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की समोरचा माणूस काय घेऊन आलाय ते आधी बघा.

तिसऱ्या शनिवारी आमच्यातले निम्मे लोक आले नाहीत. मुलांबरोबर येणाऱ्या प्राध्यापिका बाई तरुण होत्या, पण समंजस. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, "कुठे चुकतंय?" आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत, पस्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढलेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला पेशंटसारखं वागवताय. आणि मी माझ्या पेशंटना कधी असं वागवलं नाही." सभागृह गप्प झालं. मग मीही बोललो, यादीबद्दल आणि त्या चौकोनांबद्दल. बाई वहीत लिहून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यापासून खेळ बंद. एका ज्येष्ठामागे दोन मुलं, आणि सत्र संपेपर्यंत तीच. पहिला तास आम्ही शिकवायचं, दुसरा तास त्यांनी. हा क्रम बाईंनी ठरवला आणि माझ्या मते सगळा फरक त्याने पडला. आधीचा एक तास ज्याचं ऐकून घेतलंय, तो माणूस दुसऱ्या तासाला 'मला हे येत नाही' असं मोकळेपणाने म्हणू शकतो.

माझ्या वाट्याला अर्ज भरून घेणारी तीच मुलगी आली, बार्शीची, आणि एक चिपळूणचा मुलगा. दोघंही उपयोजित कला शिकणारी. आधी मला सर म्हणायची, मग आजोबा. छापखान्यात सगळे मला नाना म्हणत हे कळल्यावर त्यांचाही मी नाना झालो. चिपळूणकर म्हणाला, "नाना, आमच्या कॉलेजच्या कोठीत एक लोखंडी मशीन पडलंय. पायाने चालवायचं. आम्ही त्याच्यावर ड्रॉइंगचे बोर्ड टेकवतो."

मी त्याच दिवशी बघायला गेलो. छपाईचं ट्रेडलच होतं. शाईची गोल थाळी गंजलेली, रूळ निकामी, पण चाक हाताने ढकललं तर फिरलं. शेजारी केसी, म्हणजे खणाखणांचे लाकडी ट्रे. त्यातली एक कधीतरी पडली असणार, कारण सगळे खिळे गोळा करून दोन डालड्याच्या डब्यांत भरून ठेवले होते. मी डब्यात हात घातला. शिसं हाताला गार लागतं आणि दिसतं त्यापेक्षा जड असतं. सव्वीस वर्षांनी हात त्या गारव्यात गेला. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. मुलं काही बोलली नाहीत, ते मला बरं वाटलं.

ते दोन डबे निवडायला आम्हाला पाच शनिवार लागले. इंग्रजीला दोन केसींत भागतं, आमच्याकडे देवनागरीला चार मांडाव्या लागत. अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. लोकमान्यांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला होता तो उगाच नाही. मी मुलांना आधी खाच दाखवली. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक आडवी खाच असते. स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या लहान ट्रेमध्ये, खिळा ठेवताना ती खाच वर आली पाहिजे, म्हणजे न बघता कळतं की अक्षर नीट बसलं. मजकूर लागतो डावीकडून उजवीकडेच, पण डोकं खाली आणि पाय वर. शिरोरेघ आपल्या पोटाकडे, उकार पलीकडे. मुलीला तिसऱ्या शनिवारी तो वाचता यायला लागला. मला महिना लागला होता. अर्थात ती रोज अक्षरंच काढते, तिची नजर तयार होती.

एका शनिवारी तिने डब्यातून एक बारीक तुकडा काढला, चंद्रकोरीसारखा. "नाना, हा तुटलाय. टाकू?"

मी म्हटलं, "टाकू नकोस गं, हा आपला अर्धा र आहे." मराठीचा खास. दर्या म्हणजे समुद्र, त्याला वर रफार. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, तिथे ही कोर. वाऱ्यावर, दुसऱ्या, कोऱ्या, सगळीकडे हीच. हा तुकडा इतका नाजूक की ओळ घट्ट बसवताना मोडायचा, म्हणून आमचे फोरमन तो मोजून द्यायचे.

मुलगी गप्प झाली. मग फोन काढून मला तिचे जुने मेसेज दाखवले. सगळीकडे 'दुसर्या', 'वार्यावर'. म्हणाली, "नाना, मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होते. फोनवर हे उमटतच नाही म्हणून सोडून दिलं होतं." दोघं मिळून शोधत बसली. सापडलं. खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य जोडायचा. तिने तीनदा करून पाहिलं, मग माझ्याकडून करून घेतलं. त्या दिवशी आमचे दोन्ही तास त्या एका अक्षरावर गेले. हे सगळं मी आता फोनवर टाइप करतोय आणि वरच्या परिच्छेदांतला प्रत्येक 'ऱ्या' माझ्या बोटाने उमटलेला आहे.

असं पुष्कळ झालं. तिने एकदा आजीच्या ट्रंकेतल्या पुस्तकाचं पान आणलं, 'नांव', 'कांहीं', 'पांच' असं छापलेलं, आणि विचारलं की या छपाईच्या चुका का. मी सांगितलं, चुका नव्हेत, तो जुना रिवाज. उच्चारात न येणारे हे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. मी कामाला लागलो तेव्हा नियम येऊन पाच वर्षं झाली होती, तरी वयस्कर लेखक जुन्या वळणानेच लिहून द्यायचे, आणि फोरमनना विचारावं लागायचं, ठेवू की काढू? उलट तिने मला सांगितलं की संगणकावर मी वर्षानुवर्षं ज्या अक्षरांत प्रुफं वाचली, तो 'मंगल' फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. 'एक टाइप' या नावाने अक्षरं घडवणाऱ्या मुंबईच्या मंडळींचा 'मुक्ता' फाँट कुणालाही फुकट वापरता येतो, हेही तिनेच दाखवलं. खिळे विकत घेताना शेराचा हिशोब करणाऱ्या मालकांकडे मी उमेद घालवली. अख्खा अक्षरसंच कुणी असाच देतो, हे पचायला मला वेळ लागला.

आता दुसऱ्या तासाबद्दल लिहितो. तो मला फार जड गेला.

फोनवर माझी पहिली अडचण बोटाची होती. मी ट्रेडल दाबल्यासारखा काच दाबायचो. जोराने दाबलं की भलतीच खिडकी उघडायची, आणि उघडली की मी घाबरून सगळं बंद करायचो. मुलीने दोन शनिवार नुसतं माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाना, काचेला जोर कळत नाही. किती वेळ टेकलंत ते कळतं. टेकवा आणि उचला." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने नाही, दुकानदाराने नाही. त्यांना ते सांगण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं.

दुसरी अडचण भीतीची. काही बिघडलं तर? पैसे गेले तर? त्यावर चिपळूणकराने स्वतःचा जुना फोन आणला, कार्ड काढलेला, काचेला तडा गेलेला. "नाना, यावर काय वाट्टेल ते करा. बिघडला तर बिघडला." मला एकदम माझे फोरमन आठवले. पहिले तीन महिने त्यांनी मला छापायच्या मजकुराला हात लावू दिला नव्हता, सांडलेल्या खिळ्यांचा डबा दिला होता, "यात काय चुकायचं ते चूक" म्हणून. तो तडा गेलेला फोन मी महिनाभर उशाशी ठेवला.

तरी मी चिडायचो. बार्शीची मुलगी समजावता समजावता अधीर व्हायची, "थांबा, मी करते" म्हणून फोन हातातून काढून घ्यायची आणि वर ते दोन शब्द. एकदा मी तिला तोडून बोललो, "तुझ्यासाठी सोपं असेल. माझ्यासाठी नाहीये." तिचा चेहरा उतरला.

त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. ती ओळ कसत होती. ओळ कसणं म्हणजे शब्दांमधल्या पट्ट्या कमीजास्त करून स्टिकच्या मापात ओळ घट्ट बसवणं. सैल राहिली तर खिळे निसटतात, फार घट्ट झाली तर ओळ फुगते. तिचं जमत नव्हतं. एक पट्टी काढायची, दोन घालायची, पुन्हा काढायची. मला बघवेना. मी स्टिक तिच्या हातातून घेतली, दोन पट्ट्या बदलल्या, अंगठ्याने दाबली आणि म्हणालो, "हे बघ. सोपं आहे."

चिपळूणकर हळूच म्हणाला, "नाना, तुम्हीसुद्धा?"

मी स्टिककडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं, आणि तितकंच काहीतरी लख्ख कळलं. ज्याला बत्तीस वर्षांत हात बसलाय त्याला आपल्या हातात काय आहे ते दिसत नाही. तिचंही तेच होत होतं. मी पट्ट्या पुन्हा विस्कटल्या, स्टिक तिच्या हातात दिली आणि शेजारी बसलो. तिला वीस मिनिटं लागली. ओळ बसली तेव्हा तिने ती उलटी धरून हलवून दाखवली, एक खिळा पडला नाही.

त्या संध्याकाळी तिने फळ्यावर खडूने लिहिलं, 'सोपं आहे असं म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या हातातलं काढून घ्यायचं नाही.' इतर जोड्यांनीही ते उचललं. सिस्टर नाडी मोजायला आणि जखम बांधायला शिकवत होत्या, एक निवृत्त एसटी चालक घाट उतरताना खालच्या गिअरवर गाडी कशी धरायची ते खुर्चीवर बसून दाखवत. संघाचे सचिव तो फळा कुणाला पुसू देत नाहीत.

ऑगस्टात मी दाखला काढला. या पेन्शनला आता तो वर्षात कधीही देता येतो, दिलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो, आणि ठशाऐवजी चेहरा दाखवूनही होतो. मी वहीत पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, माझ्याच शब्दांत. आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, फोनवर आलेला आकडा. मुलगी शेजारी बसली होती. नंतर माझ्या लक्षात आलं की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. फोनने चेहरा गोलात धरायला सांगितला, डोळे मिचकावायला सांगितले. दोनदा उजेड पुरला नाही. मी उठून खिडकीशी गेलो. तिसऱ्यांदा झालं. मी मुलाला मेसेज टाकला, 'दाखला झाला. रजा नको.' त्याचा लगेच फोन आला. त्याला आधी वाटलं, मेसेज दुसऱ्या कुणी लिहिलाय.

सगळं असं गोड नव्हतं. एप्रिलात परीक्षा आल्या आणि मुलं येईनाशी झाली. ती पुन्हा उगवली थेट जुलैत. मधल्या काळात एकही फोन नाही. आमच्यात ऐंशीच्या एक आजी आहेत, दोन मुलींना विणकाम शिकवायच्या. त्या मे महिन्यातसुद्धा शनिवारी चारला इस्त्रीचं लुगडं नेसून लोकरीची पिशवी घेऊन सभागृहात येऊन बसायच्या. आम्ही सांगायचो, "आजी, सुट्टी आहे." त्या म्हणायच्या, "असू दे, बसते जरा." मुलांना सत्र असतं, सुट्टी असते, पुढचं वर्ष असतं. आमच्याकडे शनिवार असतो. जुलैत मी हे बाईंना सांगितलं, जरा कडकच सांगितलं. आता सत्राच्या सुरुवातीला तारखांचा कागद मिळतो आणि सुट्टीत पंधरा दिवसांतून एक फोन करायचा हे मुलांच्या कामातच धरलंय. विणकाम शिकणाऱ्या दोघींपैकी एक कॉलेज सोडून गेली. दुसरी येते.

काही जोड्या जमल्याही नाहीत. एका गृहस्थांची मुलं तीनदा बदलली. ते आता येत नाहीत, आणि त्यांच्याकडे शिकण्यासारखं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आमच्याही जोडीवर पाळी आलीच. सप्टेंबरात आम्ही सिस्टरांसाठी एक कार्ड जुळवत होतो, 'नाडी कशी मोजावी'. मजकूर त्यांचा, खणखणीत. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके. अशा चौदा ओळी, तीन शनिवारांचं काम. मजकूर लोखंडी चौकटीत कसला आणि चिपळूणकराने उत्साहाने चौकट उचलली. मधला भाग सुटला. पाच-सहा ओळी फरशीवर, खिळे कपाटाखाली, ट्रेडलखाली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यात 'तुमच्या पिढीला' असे शब्द आले, जे ऐकून मी स्वतः आयुष्यभर कानकोंडा झालो होतो. छत्री घेऊन घरी निघून आलो. रात्री जेवण गेलं नाही.

अठराव्या वर्षी माझ्या हातून असाच फर्मा, म्हणजे चौकटीत कसलेला मजकूर, पडला होता, दिवाळी अंकाचा. थोबाडीत बसली, दोन दिवसांचा पगार कापला गेला. घरी मी ते कधी सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

रविवारी सकाळी दहाला दारात चिपळूणकर उभा, दोन्ही हातांत डालड्याचे डबे, घामाघूम. रात्रीच त्याने एकेक खिळा गोळा केला होता, पांढऱ्या कागदाच्या पुड्या करून त्यावर अक्षरं लिहिली होती. काही उलटी लिहिलेली, खिळ्यावर दिसतात तशीच. सुनेने चहा टाकला. आम्ही फरशीवर वर्तमानपत्र अंथरून बसलो आणि मी त्याला ती दिवाळी अंकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग तुम्ही काम सोडलं नाहीत?" म्हटलं, "घरी पाच तोंडं होती रे." मग मी त्याची माफी मागितली. ओरडल्याची मागितलीच, आणि दुसऱ्या गोष्टीचीही. कसलेला मजकूर उचलण्याआधी चौकटीची एक कड जराशी उचलून बोटाने दाबून बघायची असते, काही हलतंय का. हे मी त्याला तोंडाने सांगितलं होतं, करून दाखवलं नव्हतं. हाताचं काम तोंडाने सांगून उतरत नाही. मग स्वयंपाकघरातली चौकोनी थाळी घेऊन ते करून दाखवलं. सहावीतली नात येऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

कार्ड ऑक्टोबरात छापलं, दोनशे प्रती. रूळ बाईंनी नवे करून आणले. ट्रेडल चिपळूणकराने मारलं, माझे गुडघे आता साथ देत नाहीत. मी कागद लावायला उभा होतो. अडचण एकच आली, ळ कमी पडला. डोळे, वेळ, काळजी, मिळत, मजकुरात तेरा ळ आणि निवडून निघालेले नऊ. मुलगी सिस्टरांना म्हणाली, डोळेऐवजी नेत्र करू का? सिस्टर म्हणाल्या, "चक्कर आलेल्या माणसाला कुणी नेत्र उघडा म्हणतं का गं?" मग जुनी युक्ती केली. चार जागा कोऱ्या सोडून सगळी कार्डं एकदा छापली, मग त्यातलेच चार ळ चौकटीत नेमक्या जागी बसवून तीच कार्डं दुसऱ्यांदा मारली. चौथ्या ओळीतला ळ केसभर वर बसलाय. सांगितल्याशिवाय दिसत नाही, पण मला आणि त्या दोघांना दिसतो. आता ते कार्ड आमच्या वॉर्डातल्या दवाखान्याच्या भिंतीवर आहे.

पुढच्या कामाला ळ हवेतच. मुलीच्या वडिलांनी बार्शीत चौकशी केली. तिथे एक बंद पडलेला छापखाना आहे, मालकांनी केसी भंगारात काढायचं ठरवलंय. दिवाळी झाली की आम्ही तिघं जाणार. मला या वर्षी पंचाहत्तर पूर्ण झाली, त्यामुळे एसटीचा प्रवास फुकट आहे. त्या दोघांची तिकिटं मी माझ्या फोनवरून काढली, आणि मुलीने शेजारी बसून फक्त तारीख बरोबर आहे का तेवढं बघितलं. एक डालड्याचा डबा धुऊन वाळत घातलाय. मालकांशी फोनवर बोलणं झालं. मी त्यांना सांगून ठेवलंय, भंगारवाला आमच्याआधी आला तर बाकीचं न्यायचं ते नेऊ द्या, ळचा खण तेवढा बाजूला काढून ठेवा.